संस्थेच्या संकेतस्थळाचे ॲक्सेसिबिलिटी ऑडिट करून घ्यायचे आहे : कार्यादेशात काय लिहावे?

प्रश्न : संस्था-समन्वयक

नमस्कार. आमच्या शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळाची सुगम्यता तपासणी (अपंग व्यक्तींनाही ते वापरता येते का, याचे ऑडिट) बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घ्यायचे ठरले असून दरपत्रके मागवण्याचे आणि कार्यादेशाचा मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विभागांची माहितीपाने, प्रवेशअर्ज, ग्रंथालयाची सूची, शुल्क भरण्याची सोय आणि वर्षानुवर्षे साठत गेलेली पीडीएफ परिपत्रके, असा संकेतस्थळाचा पसारा आहे.

आलेल्या दरपत्रकांत जमीनअस्मानाचा फरक आहे. एक कंपनी सगळी पाने सॉफ्टवेअरने तपासून आठवड्याभरात गुण आणि प्रमाणपत्र देऊ म्हणते. दुसरी मोजकीच पाने, पण हाताने आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) लावून तपासणार आहे आणि तिचा दर कितीतरी जास्त आहे. समितीचा कल साहजिकच पहिलीकडे आहे. ज्याला माउस वापरता येत नाही किंवा पडदा दिसत नाही, अशा विद्यार्थ्याला प्रवेशअर्ज कुणाची मदत न घेता भरता यावा, हा या सगळ्यामागचा हेतू आहे आणि तो कागदपत्रांच्या गर्दीत हरवू नये असे मला मनापासून वाटते. कोणत्या मानकाचा आग्रह धरावा, पाने कशी निवडावीत आणि अहवालात नेमके काय मागावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : तपासनीस

प्रमाणपत्राचा विषय आधी संपवतो. डब्ल्यूसीएजी ही वेबच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानके ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था प्रसिद्ध करते. मात्र ती स्वतः कोणत्याही संकेतस्थळाला प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे कंपनीने दिलेला कागद हे त्या कंपनीचे मत असते आणि त्यामागे किती आणि कशी तपासणी झाली, यावरच त्याचे वजन ठरते.

सॉफ्टवेअर निरुपयोगी नाही. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक आहे का, चित्राला पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठी लिहिलेले वर्णन) दिला आहे का, अर्जातील रकान्याला लेबल जोडले आहे का, हे ते हजारो पानांवर झटपट पाहते. परंतु पर्यायी मजकूर आहे एवढेच त्याला कळते. वेळापत्रकाच्या चित्राला फक्त ‘चित्र १’ असे नाव दिलेले असले तरी ते पान त्या चाचणीत उत्तीर्ण होते. टॅब कळ दाबत गेल्यावर फोकस (कीबोर्ड त्या क्षणी ज्या घटकावर आहे ती जागा) अर्थपूर्ण क्रमाने सरकतो का, उघडलेल्या खिडकीतून कीबोर्डने बाहेर पडता येते का, त्रुटीसंदेशावरून चूक कशी दुरुस्त करावी ते कळते का, हे माणसानेच बसून पाहावे लागते. म्हणून मोजक्या पानांची हाताने केलेली तपासणी सगळ्या पानांच्या यांत्रिक तपासणीपेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते, अर्थात ती पाने नीट निवडलेली असतील तर.

निवडीसाठी डब्ल्यूथ्रीसीचीच डब्ल्यूसीएजी-ईएम ही कार्यपद्धती आहे. ती प्रथम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी व्याप्ती ठरवायची, मग संकेतस्थळ हिंडून पाहायचे, त्यानंतर प्रत्येक प्रकारच्या पानाचा प्रतिनिधी नमुना घ्यायचा आणि या नमुन्याच्या १० टक्के इतकी पाने यादृच्छिक पद्धतीने जोडायची. यादृच्छिक पानांवर वेगळेच दोष सापडू लागले, तर मूळ नमुना अपुरा होता असे समजून तो वाढवावा लागतो. तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब अशी की जी प्रक्रिया अनेक पानांवर चालते, ती संपूर्ण तपासली गेली पाहिजे. खाते उघडण्यापासून शुल्काची पावती मिळेपर्यंतचा प्रत्येक टप्पा कार्यादेशात नावानिशी लिहा. नाहीतर अर्जाचे पहिले पान तपासून ‘अर्ज तपासला’ अशी नोंद होऊ शकते.

मानक म्हणून डब्ल्यूसीएजी २.२, स्तर ‘एए’ असे स्पष्ट लिहा (‘ए’, ‘एए’ आणि ‘एएए’ हे तिचे चढत्या क्रमाने तीन स्तर). ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि तिच्यात ‘ए’ व ‘एए’ मिळून ५५ निकष आहेत. तिने घातलेले काही नवे निकष तुमच्या प्रवेशअर्जाला थेट लागू पडतात: एकदा दिलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा भरायला लावू नये, लॉगिन करताना स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये, क्लिक करण्याचे लक्ष्य, काही अपवाद वगळता, किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरील मापाचे एकक) असावे. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट करू न देणे ही अनेक संकेतस्थळांची सवय यामुळे दोषात गणली जाऊ शकते. ‘एएए’चा आग्रह संपूर्ण संकेतस्थळासाठी धरू नका, सर्व प्रकारच्या मजकुराला तो स्तर गाठणे शक्य नसते, असे ती तत्त्वेच सांगतात.

उत्तर : स्क्रीन-रीडर-वापरकर्ती

मी रोज एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते आणि अशा तपासण्यांमध्ये चाचणीकार म्हणून काम करते. वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण तज्ज्ञाची तपासणी आणि प्रत्यक्ष वापरकर्त्यांची चाचणी ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि कार्यादेशात ती वेगळी दाखवावीत. पहिली निकषांशी ताडून पाहते, तर दुसऱ्या कामात माणसाला आपले काम पुरे करता येते का ते दिसते.

एक नेहमी आढळणारा प्रसंग सांगते. अर्जात जन्मतारखेचा रकाना आहे आणि तिथे फक्त माउसने उघडणारे कॅलेंडर आहे. कीबोर्डने तारीख लिहिण्याची मुभा नाही. मी रकाना रिकामा सोडून ‘पुढे जा’ दाबते; पडद्यावर त्या रकान्याभोवती लाल चौकट येते, पण माझ्या कानात काहीच येत नाही. पान बदलले नाही एवढे मला दोन-तीनदा बटण दाबल्यावर कळते. मग मी अर्ज वरपासून पुन्हा ऐकते आणि तेवढ्यात सत्राची वेळ संपून सगळी माहिती पुसली जाते. अहवालात हे तीन-चार सुटे दोष म्हणून येईल आणि त्यांतला एखादा ‘मध्यम’ गटातही जाईल. प्रत्यक्षात त्या विद्यार्थ्याचा प्रवेश तिथेच अडला. म्हणून दोषांचे गांभीर्य ठरवताना ‘यामुळे काम अडते का’ हा कस लावावा, असे कार्यादेशातच लिहून ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट. पान मराठीत असते आणि कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली असते. मग स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज निवडतो आणि एकतर गप्प बसतो किंवा काहीबाही बोलतो. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण तपासणाऱ्याला पानाची भाषा येत नसेल तर तो हे ऐकूनही ओळखणार नाही. तुमच्या संकेतस्थळाची भाषा जाणणारा तपासनीस मागा.

चाचणीकार केवळ अंध असू नयेत. फक्त कीबोर्ड वापरणारे, पडदा ४०० टक्के मोठा करून वाचणारे, व्हिडिओसाठी पडद्यावर लिहून येणाऱ्या संवादांवर (कॅप्शनवर) अवलंबून असणारे, असेही असावेत. त्यांना कामाचा मोबदला द्यावा. या अनुभवाला किंमत आहे.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : संस्था-समन्वयक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. पीडीएफ परिपत्रके आणि बाहेरच्या कंपनीकडून घेतलेली शुल्कप्रणाली यांचे काय करावे? शिवाय संकेतस्थळाला एखादे सुगम्यता विजेट (अक्षरे, रंग वगैरे बदलण्याची बटणे देणारे तयार जोडसाधन) जोडले की तपासणीची गरजच राहत नाही, असेही एका विक्रेत्याने समितीला सांगितले आहे.

उत्तर : कोडकरी

मी एका संस्थेत संकेतस्थळाची देखभाल करतो, म्हणजे असे अहवाल शेवटी माझ्यासारख्याच्या टेबलावर येतात. विजेटबद्दल मत स्पष्ट आहे: घेऊ नका. अक्षरे मोठी करणे, रंग बदलणे या सोयी ब्राउझर आणि संगणकात आधीपासूनच असतात आणि ज्यांना त्या लागतात त्यांनी त्या लावून ठेवलेल्या असतात. कॅलेंडर कीबोर्डने चालत नसेल तर ते मूळ कोडमध्येच दुरुस्त करावे लागते.

पीडीएफची सरसकट तपासणी करू नका, आधी छाननी करा. जुनी, कुणी न उघडणारी परिपत्रके एका बाजूला ठेवून मागणीनुसार सुगम प्रत देण्याची व्यवस्था ठेवा. चालू परिपत्रके शक्य असतील तेवढी साध्या वेबपानावर आणा. जी पीडीएफच राहणार आहेत, ती स्कॅन केलेली आहेत का ते पाहा, कारण स्कॅन म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी कोरे चित्र असते. नवी परिपत्रके मात्र मूळ दस्तऐवजातच शीर्षकांच्या शैली वापरून करावीत. नंतर एकेका फाइलला टॅग (शीर्षक, परिच्छेद अशी रचना सांगणाऱ्या खुणा) लावत बसणे फार जिकिरीचे होते.

शुल्कप्रणाली तुमच्या कोडमध्ये नसली तरी विद्यार्थ्याच्या वाटेत आहे, म्हणून ती व्याप्तीत घ्याच. तिच्या कंपनीकडे व्हीपॅट (उत्पादन सुगम्यतेचे कोणते निकष पाळते हे नोंदवण्याचा ठरलेला तक्ता) नमुन्यात भरलेला सुगम्यता अहवाल मागा आणि तुमचा तपासनीस त्यातली दोन-चार विधाने पडताळून पाहील असे ठरवा. दुरुस्तीचे दायित्व त्या करारात नसेल, तर ते नूतनीकरणाच्या वेळी घालून घ्या.

अहवालाविषयी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक दोषाबरोबर पानाचा पत्ता, ब्राउझर आणि सहायक तंत्र, दोष पुन्हा घडवून पाहण्याच्या पायऱ्या, लागू होणारा निकष आणि सुचवलेली दुरुस्ती हवी. एकाच साच्यातून शेकडो पाने निघत असतील, तर तो दोष साच्याच्या नावाने एकदाच नोंदवावा. शेकडो वेळा तोच दोष छापलेला जाडजूड अहवाल पाहून कुणीही हातपाय गाळतो, आणि दुरुस्ती मात्र एका फाइलमध्ये असते. ज्यांनी संकेतस्थळ बांधले त्यांनाच तपासणी देऊ नका, आणि लवकरच नवे संकेतस्थळ येणार असेल तर जुन्यावर पूर्ण खर्च करण्याऐवजी नव्याच्या रचनेपासून तपासनीसाला सोबत घ्या.

उत्तर : तपासनीस

कोडकरींच्या मुद्द्यांत एक भर घालतो. पहिल्या अहवालानंतर दुरुस्तीसाठी मुदत आणि त्यानंतरची फेरतपासणी हे दोन्ही याच कार्यादेशात, याच दरात बसवा. देयकाचा शेवटचा हप्ताही फेरतपासणीच्या अहवालाशी जोडा. फेरतपासणी नंतर वेगळी मागवू असे म्हटले, तर ती बहुधा कधीच होत नाही. दुरुस्ती करताना तुमच्या लोकांना शंका विचारता याव्यात, यासाठी तपासनिसाचे काही तासही त्यातच राखून ठेवा.