धावणाऱ्याचे पाय पाण्यात बुडतात, काय करावं?

टेकडीवाला: गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) तयारी चालू आहे. हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होते, पण फ्रीस्टाइलमध्ये ५० मीटरलाच धाप लागते. पाय खाली जातात, कितीही जोरात मारले तरी पुढे सरकत नाही. मांड्यांत पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा तुकडा) धरला की मात्र जमतं. दम कमी की तंत्र? आणि धावणं न बिघडवता आठवड्यात किती पोहावं?

पाणकोंबडा: पुल बॉयने जमतंय यातच उत्तर आलं. दम आहे, पाय बुडतायत. धावणाऱ्यांचे घोटे कडक असतात. पाऊल मागे ताणलं न जाता आकड्यासारखं खाली लोंबतं आणि ब्रेकचं काम करतं. त्यावर जोरात किक मारली की मांड्यांचे मोठे स्नायू सगळा दम खाऊन टाकतात.

आधी डोकं बघा. समोर पाहिलं की कंबर खाली जाते, म्हणून नजर तळाच्या काळ्या रेघेवर. श्वास घेताना एकच गॉगल पाण्याबाहेर. उच्छ्वास पाण्यातच, सतत, गुणगुणल्यासारखा. तो रोखून धरला तर तोंड वर आल्यावर सोडायचा आणि घ्यायचाही, तेवढ्यात वेळ संपते. धाप तिथे लागते.

घोट्यांसाठी रोज दोन मिनिटं वज्रासन. गुडघा दुखला तर सोडा.

रेघेवरचा: किक नितंबातून मारा. गुडघा उचलायची सवय धावण्यातली, पाण्यात ती नडते. लांब अंतराला डाव्या-उजव्या हाताच्या एका आवर्तनात दोनच किक पुरतात. हात पुढे गेला की कोपर वर, बोटं तळाकडे, मग ओढ. ताठ हाताने पाणी खाली दाबलंत तर छाती वर उचलली जाते आणि पाय आणखी बुडतात.

सराव: १२ × ५० मीटर, मध्ये २० सेकंद विश्रांती. दर २५ मीटरला स्ट्रोक मोजा. आकडा तीनने वाढला की तिथेच थांबा, पुढे फक्त चुका पक्क्या होतात.

सायकलवेडा: शर्यतीत १.९ किमी पोहायला ७० मिनिटांची मुदत, म्हणजे १०० मीटरला साधारण ३:४०. पोहण्याच्या तलावात मात्र ३:०० च्या आत या. शर्यत मिरामारच्या समुद्रात, तिथे ढकलायला भिंत नाही आणि रेघही नाही. दर ६-८ स्ट्रोकला मगरीसारखे फक्त डोळे वर काढून मार्ग दाखवणारा तरंगता बोया बघा.

आठवड्यात ४० मिनिटांची तीन सत्रं. एकदाच दोन तास डुंबून काही होत नाही. त्यासाठी एक सोपी धाव वगळा, लांब धाव आणि वेगाचा सराव ठेवा. पाण्यात हाडांवर भार येत नाही, त्यामुळे पोहणं धावण्याची पूर्ण जागा घेत नाही. घड्याळातले धावण्याचे हृदयाच्या ठोक्यांचे झोनही इथे लावू नका, आडव्या अंगाला ठोके साधारण १० ने कमी पडतात. आणि वेगाच्या धावेनंतर किकचा सेट नको, पोटरीत गोळा येतो.

टेकडीवाला: मग पुल बॉय बंदच करू?

रेघेवरचा: बंद नको. सत्रात २०० मीटर पुरे, तेही हाताची ओढ तपासायला. बाकी सगळं त्याच्याशिवाय.