मदत हवी आहे : ‘मिडसमर मर्डर्स’चा नाताळ विशेष भाग

१९९७ पासून चालत आलेल्या ‘मिडसमर मर्डर्स’ या खुनांच्या तपासावरील ब्रिटिश मालिकेचा ‘द ख्रिसमस हॉन्टिंग’ हा २०१३ च्या नाताळातला भाग नुकताच पाहिला आणि निराशा झाली. पछाडलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या वाड्यात भुतांच्या शोधाची मेजवानी, अंधार आणि प्राचीन तलवारीने झालेला खून, इतकी भरघोस सामग्री हाताशी असताना भुताटकीचा धागा मला केवळ सजावटीपुरता वाटला. मुख्य पोलीस अधिकाऱ्याचा नवा सहकारी चार्ली नेल्सन याच भागात येतो. त्याची ओळख करून देण्यात वेळ गेला असेल, हे मान्य. परंतु उलगडा झाल्यावर सुरुवातीचा मेजवानीचा प्रसंग दोनदा मागे नेऊन पाहिला, तरी खुन्याकडे बोट दाखवणारा ठोस दुवा मला सापडला नाही. इंग्रजी उपशीर्षके लावूनच पाहिले असल्याने संवाद निसटले असण्याची शक्यता कमी आहे.

मुख्य पोलीस अधिकाऱ्याची भूमिका करणारे नील डजन यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांचे इतर भाग मला आवडतात. त्यांच्याआधीचे प्रमुख अभिनेते जॉन नेटल्स यांच्या काळातले ‘घोस्ट्स ऑफ ख्रिसमस पास्ट’ (२००४) आणि ‘डेज ऑफ मिसरूल’ (२००८) हे नाताळचे भाग मात्र अजून पाहिलेले नाहीत. घरी सगळ्यांसोबत पाहण्यासाठी एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि आईने ही मालिका पूर्वी कधीच पाहिलेली नाही. तेव्हा खुन्याचे नाव न फोडता कृपया सांगावे : या दोहोंपैकी कोणत्या भागात प्रेक्षकाला स्वतः तर्क करता येईल इतके दुवे शेवटाआधी समोर ठेवलेले आहेत?