मदत हवी आहे : सर्बियाच्या खरेदीदाराशी करार, थकबाकीला कायदा कोणता?

सांगलीहून हळद पावडर सर्बियातील एका आयातदाराला पुरवण्याचा तीन वर्षांचा करार आम्ही करीत आहोत. त्यांनी पाठवलेल्या मसुद्यात उधारीची मुदत ९० दिवस लिहिली आहे, पण थकीत रकमेवरील व्याजाचा रकाना कोराच ठेवला आहे. माझे घोडे अडले आहे ते तिथेच.

युरोपीय संघाच्या थकीत देण्यांविषयीच्या २०११ च्या निर्देशानुसार व्यावसायिकांमधील उधारीची मुदत सहसा ६० दिवसांपलीकडे जात नाही, आणि उशीर झाल्यास युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किमान ८ टक्केबिंदू जादा दराने व्याज मिळते. मात्र तो निर्देश सदस्य देशांसाठी आहे. सर्बिया २०१२ पासून उमेदवार असला, २०१४ पासून वाटाघाटी चालू असल्या, तरी अजून सदस्य नाही. त्यामुळे तूर्त तिथला देशी कायदाच पाहावा लागेल, एवढे मला उमगले आहे.

आमच्या वकिलांनी कराराला भारतीय कायदा लागू राहील असे कलम सुचवले, ते खरेदीदाराने नाकारले. बँकेच्या खर्चामुळे लेटर ऑफ क्रेडिटलाही (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी) त्यांची तयारी नाही. निर्यात पतविमा (खरेदीदाराने पैसे बुडवल्यास भरपाई देणारा विमा) आम्ही घेणारच आहोत, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी सदस्य झाला, तेव्हा आधीपासून चालू असलेल्या करारांना थकबाकीचे जुनेच नियम लागू राहिले की नवे? आणि आमच्या कराराच्या मुदतीत सर्बियाचा कायदा बदललाच, तर व्याजदर शाबूत राहावा म्हणून त्या कोऱ्या रकान्यात नेमके काय लिहावे?