विषय: देवगडचा अर्ज, रकाना ७ (शनिवारच्या आत बोला)

प्रेषक: वहिनी (मुक्काम जामसंडे)

मंडळी,
देवगडच्या पोरीची कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख शनिवार, आणि त्यासाठी मंडळाकडे केलेला तिचा कर्जाचा अर्ज खजिनदारांनी परत पाठवलाय. का, तर रकाना ७: ‘परतफेड कधी व कशातून’. पोरीने लिहिलंय, ‘बी.ए. राज्यशास्त्र करणार. कशातून ते आत्ता सांगता येत नाही.’ खरं लिहिलं हाच गुन्हा. गेल्या वर्षी सगळ्यांनी नुसतं ‘नोकरीतून’ लिहिलं, ते बरं चाललं.
काल तिच्या घरी जाऊन आले. वडील ट्रॉलरवर खलाशी. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे फी नेमकी घरात पैसा नसतानाच येते. उत्पन्नाचं विचारलं तर तिने वही आणून दाखवली. प्रत्येक फेरीचं डिझेल, बर्फ, रेशन वजा करून मालकाचा वाटा, तांडेलाचा (ट्रॉलर चालवणाऱ्याचा), मग तिच्या बाबांचा. वर्षभराचं. आपल्या गणपतीच्या हिशेबापेक्षा नीट आहे, राग मानू नका.
लाईट जाते-येते, लवकर कळवा.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, मुलीशी माझं वाकडं नाही. पैसे सभासदांचे आहेत आणि कुडाळच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी पुन्हा काढत नाही.
वर्षाला ३६,०००, तीन वर्षांचे १,०८,०००. पुढे? ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर एम.ए. २ वर्षं, बी.एड. २ वर्षं. जागा मिळालीच तर शिक्षणसेवक म्हणून ३ वर्षं महिना २०,००० मानधन. बारावीनंतर दहा वर्षांनी पूर्ण पगार, तोही सगळं वेळेवर झालं तर. सीनिअर कॉलेजला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि तोवर तासिका तत्त्व, म्हणजे तासावर पैसे. यात परतफेड कुठे बसते ते कोणीतरी दाखवा, मी आज पैसे पाठवतो.

प्रेषक: नाना (शारजा)

एवढा खल कशाला? इंजिनिअरिंगला घाला. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. सरकार देतंय ते सोडून आपण बी.ए.ला पैसे द्यायचे?
शिवाय राजकारणाला राज्यशास्त्र लागतं कुठे? आपल्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर नाथ पै गेले ते बॅरिस्टर, १९७१ पासून मधू दंडवते, ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले.

प्रेषक: वहिनी

नाना, बारावी आर्ट्सची आहे. आणि तिला निवडणूक लढवायची नाही, फी भरायची आहे.

प्रेषक: बाळू (जेबेल अली, दुबई)

बरेच दिवसांनी लिहितोय. मी बी.ए. राज्यशास्त्रच, इथे फार जणांना माहीत नाही.
बी.ए.च्या तीन वर्षांत बाबांचे जेवढे गेले त्याहून जास्त पुण्यात यूपीएससीच्या तयारीला पहिल्याच वर्षी गेले: क्लास, कॉट-बेसिस, अभ्यासिका, डबा. अशी चार वर्षं. यूपीएससी मेन्सच्या १७५० पैकी ५०० मार्क या एका वैकल्पिक विषयाला, म्हणून मी खुशीत होतो. अभ्यासिकेत शेजारी बसणारा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यानेही तोच विषय घेतलेला. परीक्षेला कुठलीही डिग्री चालते, मग माझ्या डिग्रीचं वेगळं वजन ते काय राहिलं! निघालो तेव्हा २७ वर्षांचा, अनुभव शून्य.
तेव्हा खजिनदारकाका, घाटा डिग्रीत नसतो, नंतरच्या पुण्यात असतो. तो तुमच्या रकान्यात येतच नाही.
आता मी कस्टमचे कागद बघतो. कलम वाचताना ‘परंतु’ आलं की थांबायचं, खरी गोम त्याच्या पुढे असते, ही सवय राज्यघटना वाचताना लागली. पगारातले किती दिरहम त्या सवयीचे ते मला काढता येत नाही. तीन वर्षांचे पैसे द्या. पुढे तीन वर्षांची एलएलबी केली तर पुन्हा अर्ज घ्या. स्पर्धा परीक्षेच्या क्लासला मात्र मंडळाने दमडी देऊ नये, हे मी लिहून देतो.

प्रेषक: माई

बाळू, चार वर्सा पुण्यात होतंस आणि आवशीक एकदा तरी फोन केलंस? माका सगळा ठावक आसा.
आंब्याचे पेटये इले तेव्हा कोणी रकानो विचारूक नाय.

प्रेषक: नाना (शारजा)

आर्ट्स असेल तर डी.एड. तरी करा. आणि पेट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून, माझ्या दोन अजून आलेल्या नाहीत.

प्रेषक: वहिनी

बाळूचं पत्र तिला वाचून दाखवलं. ‘परंतु’ला हसली. झेरॉक्सच्या दुकानात उभ्या-उभ्या रकाना भरून दिला: ‘बी.ए. संपल्यावर दोन वर्षांनी सुरू, महिना ३,०००, हप्ते ३६. कशातून ते तेव्हा कळवीन. परंतु त्या वेळी एलएलबीला असल्यास एक वर्ष थांबावे.’
गुणाकार बरोबर आहे, मी करून बघितला.

प्रेषक: खजिनदार

‘कशातून’शिवाय या वेळेपुरतं चालवून घेतो, पायंडा समजू नये. पैसे उद्या निघतील. वडिलांची सही राहिलीय, ती फोटो काढून पाठवा.
नाना, तुमच्या दोन पेट्या माईंकडे उतरल्यात, एप्रिलमध्येच.