विटलोफ-राडिकिओचं सॅलड आणि निळ्या चीजचं व्हिनेग्रेट: कडूपणा किती काढायचा?

ओसरी

नेदरलँड्समध्ये सध्या विटलोफ (मिटलेल्या पांढऱ्या पानांचे कडसर कोंब) भरपूर आणि स्वस्त आहे, राडिकिओचे गोल जांभळे गड्डेही मिळतात. दोन्हींचं कच्चं सॅलड आणि त्यावर निळ्या चीजचं व्हिनेग्रेट, म्हणजे तेल-व्हिनेगरचं ड्रेसिंग, करायचं आहे. चौघांसाठी प्रमाण असं: विटलोफ २५० ग्रॅम, राडिकिओ १५० ग्रॅम, निळं चीज ६० ग्रॅम, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ६० मिली, पांढरं व्हिनेगर ३० मिली, मध १ टीस्पून. चीज खारट असतं म्हणून वेगळं मीठ नाही. ड्रेसिंग मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवते.

अडचणी तीन. ड्रेसिंग राखाडी आणि पेस्टसारखं घट्ट होतं. ते नुसतं चाखलं तरी कडू लागतं, पानांचा कडूपणा तर वेगळाच. आणि टेबलावर जाईपर्यंत तळाशी पाणी सुटतं. पानं किती वेळ पाण्यात ठेवावीत? चीज कोणतं घ्यावं? शाकाहारी पाहुणेही आहेत.

वाटणघाटण

आधी ड्रेसिंगचं बघू, कारण तुमचा निम्मा कडूपणा तिथूनच येतोय.

एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलात पॉलिफेनॉल नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती तेलाच्या आत राहतात आणि जिभेला फारशी जाणवत नाहीत. मिक्सरच्या वेगाने तेलाचे अतिसूक्ष्म थेंब झाले की ती बाहेरच्या पाणीदार भागात उतरतात आणि तेच तेल कडूजहर लागतं. तेल जितकं ताजं आणि जहाल, तितका हा प्रकार जास्त. राखाडी रंगाचं कारणही मिक्सरच: चीजमधल्या बुरशीच्या निळ्या-हिरव्या रेषा सगळ्या पांढऱ्यात मिसळल्या की दुसरा रंग येणारच नाही. आणि एवढं चीज पूर्ण वाटलं गेलं की घट्टपणाही आलाच.

म्हणून हाताने करा. ६० पैकी ३० ग्रॅम चीज खोलगट बोलमध्ये, फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेलं. त्यावर १ टेबलस्पून गरम पाणी घालून काट्याने रगडा. पाणी बोटाला सोसेल इतपतच गरम हवं. उकळतं घातलं तर चीजचं तूप सुटतं आणि बाकीचा भाग चिवट होतो. साईसारखं मऊ झालं की १ टीस्पून डिजाँ मोहरी (बाटलीतली तयार मोहरीची पेस्ट), १ टीस्पून मध, मग २० मिली व्हिनेगर. हा क्रम मोडू नका. घट्ट चीजवर थेट व्हिनेगर ओतलं तर दाणे धरतात आणि ते नंतर मोडत नाहीत. शेवटी ६० मिली तेल बारीक धारेने, व्हिस्कने हलवत: ४० मिली सूर्यफुलाचं आणि २० मिली ऑलिव्ह. अक्रोडाचं तेल मिळालं तर ऑलिव्हऐवजी तेच घ्या, या पानांशी त्याचं फार छान जमतं.

चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरेल इतकं दाट हवं. जास्त दाट वाटलं तर पाणी एकेक चमचा घाला. व्हिनेगर वाढवू नका, कडूवर आंबट चढलं की दोन्ही जास्त टोचतात. उरलेलं ३० ग्रॅम चीज चुरून शेवटी वरून.

साधं पांढरं व्हिनेगर इथे नुसतं आंबट लागतं. रेड वाइन किंवा शेरी व्हिनेगर घ्या. बाटलीवरची आम्लता बघा: ७ टक्के असेल तर १५ मिलीपासून सुरुवात करून चाखत जा.

तिखटमीठ

पानांबद्दल. विटलोफ आणि राडिकिओ दोन्ही चिकोरीच, कॉफीत जिचं भाजलेलं मूळ घालतात तीच वनस्पती. कडूपणा लॅक्टुसिन नावाच्या द्रव्याचा आणि त्याच्या भाईबंदांचा. तो पाण्यात थोडाफार उतरतो, पण फक्त कापलेल्या कडांमधून. अख्खी पानं तासभर बुडवली तरी ती कुरकुरीत होतील, कडूपणा बहुतेक तसाच राहील.

राडिकिओ: गड्ड्याचे चार भाग करा, पांढरा देठ तिरपा कापून टाका, पानं बोटभर रुंद चिरा. बर्फाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटं. पाणी गुलाबी-जांभळं होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तासावर ठेवू नका, नंतर रंग आणि चव दोन्ही जातात. पाण्यात खायचा सोडा कोणी सुचवला तर ऐकू नका. हा लाल रंग आम्लात खुलतो, सोड्यात निळसर-मातकट होतो.

विटलोफला एवढं भिजवणं लागत नाही. त्याचा कडूपणा बुडाच्या गाभ्यात जास्त असतो. उभा अर्धा कापून बुडातला शंकूसारखा भाग, साधारण २-३ सेंमी, सुरीच्या टोकाने काढून टाका. खरेदीतही निम्मं काम होतं. विटलोफ अंधारात वाढवतात म्हणून पांढरं राहतं. प्रकाश लागला की टोकं हिरवी होतात आणि पानं जास्त कडू. घट्ट मिटलेलं, फिक्या पिवळ्या टोकाचं घ्या आणि घरीही कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, उघडं ओट्यावर नको.

आता मीठ. चीज खारट म्हणून मीठ नको, हे गणित इथे चुकतं. निळ्या चीजमध्ये मीठ साधारण ३ ते ४ टक्के, म्हणजे ६० ग्रॅममध्ये २ ग्रॅमच्या आसपास. तुमचं सॅलड सगळं मिळून अर्धा किलो, म्हणजे मीठ अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि जिभेवर कडूपणा दाबणारी सगळ्यात भरवशाची गोष्ट मीठच, साखरेपेक्षाही. पाव टीस्पून ड्रेसिंगमध्ये घाला आणि आधीच्या चवीशी ताडून बघा. पानांना मात्र मीठ चोळून ठेवू नका. कारल्याला ते चालतं, इथे पानं लोळागोळा होतील.

निळीशाई

तिखटमीठ यांच्याशी बहुतांशी सहमत, पण अर्धा तास भिजवण्याचा नियम सरसकट लावू नये. तो किओज्जा जातीच्या गोल गड्ड्याला ठीक. इटलीच्या व्हेनेतो भागातला लांब, आत वळलेल्या बोटांसारखा ट्रेव्हिसो तार्दिव्हो मिळाला तर तो फक्त धुवा. थंडी पडल्यावर मुळासकट उपटून, मुळं वाहत्या झऱ्याच्या पाण्यात ठेवून, अंधारात त्याला नवे कोंब आणतात. कडूपणा तिथेच मवाळ होतो आणि त्या कष्टांचीच किंमत आपण मोजतो. कास्तेलफ्रांको, म्हणजे पिवळसर पानांवर लाल शिंतोडे असलेला, तर इतका नाजूक की त्यावर निळं चीज नकोच. त्याला पार्मेझानचं पातळ व्हिनेग्रेट करा: २५ ग्रॅम चीज बारीक किसणीवर, १ टेबलस्पून कोमट पाणी, १५ मिली लिंबाचा रस, ४५ मिली तेल.

मुळात कडूपणा पूर्ण काढायचाच असेल तर ही पानं घ्यावीतच कशाला? चीजचा स्निग्धपणा आणि खारटपणा त्या कडूशीच जुळवायला आहे. तो धुऊन टाकला तर उरतं महाग आणि बेचव गवत.

पाणी सुटण्याचं कारण ओली पानं. पानांवर पाण्याचा पडदा असेल तर ड्रेसिंग चिकटतच नाही, घसरून तळाशी जातं. स्पिनरमध्ये दोनदा फिरवा, मधे पाणी ओतून टाका. स्पिनर नसेल तर पानं पंचात सैल बांधून गॅलरीत जोरात झटका, मग कोरड्या फडक्यावर १० मिनिटं पसरा.

ओसरी

मीठ आणि मिक्सर, दोन्ही मुद्दे लक्षात आले. आणखी दोन प्रश्न. शाकाहारी पाहुण्यांसाठी चीज कोणतं? आणि बारा जणांसाठी करायचं तर आधी किती तयारी चालेल?

निळीशाई

गोर्गोन्झोला, रोकफोर आणि अस्सल पार्मिजानो रेज्जानो तिन्हींत जनावराच्या पोटातून काढलेलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं, त्यामुळे कडक शाकाहारींसाठी तिन्ही बाद. पार्मिजानोला तर नियमानेच दुसरं रेनेट चालत नाही. तुमच्याकडे वेष्टनावर शाकाहारी किंवा मायक्रोबियल रेनेट असं लिहिलेलं निळं चीज मिळेल. घटकांची यादी वाचूनच घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नको. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर त्यांच्या वाट्याला निळं चीज नको, त्याऐवजी कठीण, मुरलेलं चीज किसून घाला.

वाटणघाटण

बारा जणांसाठी सगळं तिप्पट करा, फक्त ड्रेसिंग अडीचपटच पुरतं. ते आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये चालेल. थंडीने ऑलिव्ह तेल गोठतं, म्हणून वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढून पुन्हा फेटा. राडिकिओ सकाळी चिरून, भिजवून, पूर्ण कोरडा करून कागदी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवता येतो. विटलोफ मात्र आधी चिरू नका, कडा तपकिरी पडतात.

राडिकिओ जाड असतो, त्याला अर्धं ड्रेसिंग लावून १० मिनिटं ठेवलं तर उलट बरं. विटलोफ वाढतेवेळी, उरलेल्या ड्रेसिंगसह. हातानेच कालवा, चमच्याने पानं मोडतात.

अक्रोड घालणार असाल तर चौघांना ५० ग्रॅम, १६० अंशांवर ८ ते १० मिनिटं भाजून गरम असतानाच फडक्यात चोळा. ते पातळ साल कडू असतं आणि इथे तिसरा कडूपणा नको. एक कॉन्फरन्स जातीचा पेअर, पिकलेला पण घट्ट, शेवटच्या क्षणी चिरून. गोडवा त्याच्याकडूनच घ्या, मध वाढवू नका.

रोळी

पुण्या-मुंबईत करणाऱ्यांसाठी थोडं. राडिकिओ मोठ्या दुकानांत मिळतो, पण पुष्कळदा शिळा. बुडाचा काप तपकिरी आणि सुकलेला असेल तर घेऊ नका. त्याऐवजी १५० ग्रॅम अरुगुला, १०० ग्रॅम अगदी बारीक चिरलेला लाल कोबी आणि ५० ग्रॅम कोवळी मेथी. मेथी याहून जास्त नको, तिचा वास चीजवर कुरघोडी करतो. निळं चीज मेथीबरोबर मुळीच जमत नाही. हिरवा ठिपका असलेलं पार्मेझान पद्धतीचं कठीण चीज घ्या आणि वर निळीशाईंनी दिलेलं लिंबाचं व्हिनेग्रेट करा. मेथीच्या घोळाण्यात तेल, मीठ आणि दाण्याचं कूट जे करतात, तेच इथे तेल आणि चीज करतात. त्यामुळे ज्यांना चीज नकोच आहे त्यांनी भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट ३ टेबलस्पून आणि मीठ थोडं वाढवून घालावं, चव उणी पडत नाही.

अरुगुला आणि मेथी दोन्ही नाजूक, ड्रेसिंग लागल्यावर ५ मिनिटांत मान टाकतात. ताटं मांडून झाल्यावरच कालवा.