विषय: ११:१ चा स्मॉल ब्लॉक, स्ट्रिपवर गप्प आणि चढावर खडखड

मंडळी,

गाड्यांचा नाद असलेले यादीवर तिघे-चौघे तरी आहेत, म्हणून सरळ इथेच विचारतो. शेवरलेचा स्मॉल ब्लॉक ३५० (व्ही-८ इंजिन), लोखंडी हेड, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) ११:१, कार्बोरेटर, साधा डिस्ट्रिब्युटर, एकूण टायमिंग ३६ अंश, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या इतके अंश आधी ठिणगी. टाकीत पंपावरचं प्रीमियम. ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल पळवली की तक्रार शून्य. तीच गाडी रस्त्यावर, सिग्नल खाऊन खाऊन तापली आणि टॉप गिअरमध्ये चढाला लागली, की अर्ध्या थ्रॉटललाच डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते. साधारण २००० आरपीएमला.

ऑक्टेन बूस्टरची बाटली टाकू, की थेट रेस फ्युएल घेऊ? एका मित्राचं म्हणणं, जाड हेड गॅस्केट घाल, कॉम्प्रेशन उतरेल आणि विषय संपेल.

-----

> ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल पळवली की तक्रार शून्य.

अरे, त्यात नवल काही नाही. स्ट्रिपवर तुझं इंजिन २००० ला असतंच कधी? हाय-स्टॉल कन्व्हर्टर असणार, म्हणजे इंजिन वरच्या आरपीएमला गेल्यावरच गिअरबॉक्सला जोर मिळतो. सुटतानाच चार हजारांच्या घरात, आणि तिथून पुढे वरच. तुझी खडखड म्हणजे नॉक, आणि नॉक व्हायला वेळ लागतो. स्पार्क पडल्यावर ज्योत चेंबरभर पसरत जाते, आणि कडेला उरलेलं मिश्रण दाबलं जाऊन तापत राहतं. ज्योत पोचायच्या आत ते आपणहून पेटलं की झाला नॉक. क्रँक ३० अंश फिरायला २००० आरपीएमला अडीच मिलिसेकंद लागतात, ६००० ला एक मिलिसेकंदही लागत नाही. शिवाय स्ट्रिपवर तू इंजिन गार करून लायनीत लावतोस आणि काही सेकंदांत काम आटोपतं. रस्त्यावर हेड, इनटेक, बॉनेटखालची हवा, सगळंच भाजून निघालेलं असतं.

बाटलीच्या नादी आत्ताच लागू नकोस. आधी डिस्ट्रिब्युटर उघड. आत हलक्या स्प्रिंगा असतील तर पूर्ण ३६ अंश २०००-२२०० लाच येऊन बसतात. स्ट्रिपवर त्याचं काही बिघडत नाही, कारण त्या आरपीएमला तू तिथे नसतोसच. चढावर मात्र नेमका तिथेच असतोस. कडक स्प्रिंगा घालून पूर्ण ॲडव्हान्स (ते ३६ अंश) ३००० च्या पुढे ने.

मग व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर टायमिंग वाढवणारा डिस्ट्रिब्युटरवरचा कॅन. क्रूझला तो १०-१५ अंश वाढवतो ते बरोबरच आहे, मायलेज मिळतं. पण कॅनची स्प्रिंग मऊ असेल तर चढावर व्हॅक्यूम पडल्यावरही तो ते अंश सोडत नाही. नळी काढ, टोकाला बूच मार, आणि त्याच चढावर त्याच गिअरमध्ये घेऊन जा. खडखड थांबली तर चोर सापडला. तरी कॅन कायमचा काढून टाकू नकोस, ॲडजस्टेबल बसव.

> कॉम्प्रेशन ११:१

हा आकडा अर्धवट आहे. इनटेक व्हॉल्व्ह मिटेपर्यंत दाब धरायला सुरुवातच होत नाही. तुझा स्ट्रोक ८८.४ मिमी, रॉड १४४.८ मिमी. व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन तळाला पोचल्यावर) ६० अंशांवर मिटत असेल तर खरं कॉम्प्रेशन ९.१ च्या आसपास, ७५ वर मिटत असेल तर ८. लोखंडी हेड आणि पंपाचं प्रीमियम या जोडीला सव्वाआठपर्यंत निभतं, असा बिल्डर लोकांचा ठोकताळा. कॅम कार्ड (कॅमसोबत येणारा मापांचा कागद) बघून आकडा कळव. ०.०५० इंच लिफ्टवरचा नको, व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसतो तेव्हाचा हवा.

१९७० पर्यंत कारखान्यातूनच ११:१ ची इंजिनं यायची, पण तेव्हा पंपावर शिशाचं पेट्रोल होतं. १९७१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं. जुन्या मासिकांतले टायमिंगचे आकडे आजच्या पेट्रोलवर जसेच्या तसे लावणारे अजूनही भेटतात, म्हणून सांगितलं.

-----

काका, स्प्रिंगांचं आणि कॅनचं पटलं. पण "तक्रार शून्य" हे मी इतक्या सहज मान्य करणार नाही. उघडा एक्झॉस्ट असताना ऐकू काय येणार? या बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) नॉकचा सूर साडेपाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो, तो त्या गोंगाटात बुडून जातो.

तू एक कर. नवे प्लग घाल, पूर्ण थ्रॉटलने रन मार, आणि फिनिशनंतर आयडलवर न आणता इंजिन बंद करून गाडी तशीच घरंगळू दे. मग प्लग काढून भिंगाखाली पोर्सिलेन बघ. बारीक काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले, तर पिस्टनचा माल उडतोय असं समज.

जाड गॅस्केट अजिबात नको. अर्धा मिलिमीटर वाढवलास तर ११ चं साधारण १०.४ होईल, पण पिस्टनचा सपाट भाग आणि हेड यांच्यातलं अंतरही तेवढंच वाढेल. ते एक मिलिमीटरच्या आसपास असलं तर कडेचं मिश्रण पिळून मध्ये फेकलं जातं, ज्वलन लवकर उरकतं आणि कडेला पेटण्याजोगं फारसं काही उरत नाही. अंतर वाढलं की हा फायदा जातो. कॉम्प्रेशन उतरवूनही नॉक तसाच राहिलेली इंजिनं असतात, ती बहुधा अशीच. उतरवायचंच असेल तर डिश (माथ्यावर खोलगट) पिस्टन घाल, पण सपाट भाग शाबूत ठेवून.

बूस्टरवर "३० पॉइंट" लिहिलेलं असतं, ते म्हणजे फक्त ३ ऑक्टेन. त्यात मँगनीज असेल तर प्लगवर नारिंगी थर बसतो आणि वर सांगितलेलं वाचन अवघड होऊन बसतं. शिशाचं रेस फ्युएल एक्झॉस्टमधला लॅम्डा (ऑक्सिजन) सेन्सर मारतं, त्यातला वाइडबँड प्रकार लावला असशील तर लक्षात ठेव. युरोपातल्या सभासदांसाठी: तिकडचं ९८ रॉन (ऑक्टेन मोजायची तिकडची पद्धत) म्हणजे अमेरिकेतल्या पंपावरचं साधारण ९३, त्यामुळे आकडे नुसते शेजारी ठेवून तुलना करू नका. ई-८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं पेट्रोल) खरंच कामाचं आहे, इथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता ओढतं. पण इंधन सुमारे ३० टक्के जास्त लागतं, म्हणजे जेट, पंप, लाइन सगळं बदलणं आलं. आणि अमेरिकेत त्यातलं इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांत कुठेही असू शकतं, तेव्हा प्रत्येक वेळी तपासून भर.

शेवटचं, ३६ अंश कशावरून? पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा बोल्ट) लावून टीडीसी, म्हणजे पिस्टनची सर्वात वरची जागा, पडताळलीस का?

-----

काका, ताई, धन्यवाद. सगळं एकदमच बाहेर आलं.

पिस्टन स्टॉप लावून पाहिलं. बॅलन्सरची (क्रँकच्या टोकावरच्या, टायमिंगची खूण असलेल्या चाकाची) बाहेरची रिंग रबरावरून सरकली आहे. खूण ३६ दाखवते तेव्हा टायमिंग असतं ४०. स्प्रिंगा हलक्याच निघाल्या. कॅम कार्डावर इनटेक ६८ अंशांवर मिटतो. आणि ताईंची शंका खरी: ५ आणि ७ नंबरच्या प्लगवर ठिपके आहेत, बाकी सहा स्वच्छ. हे दोनच का?

-----

बॅलन्सर बदल, आधी ते. रबर सुटलेली रिंग सहा हजारांवर निखळली तर बॉनेट फाडून बाहेर येईल.

५ आणि ७ चं असं: फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. ही दोन एकाच बाजूला शेजारी-शेजारी आणि पेटतातही लागोपाठ. त्यांच्या प्लग वायरी समांतर बांधल्या असतील तर ५ चा करंट जाताना ७ च्या वायरीत ठिणगीपुरतं व्होल्टेज उठू शकतं, आणि ७ तब्बल ९० अंश आधी पेटतो. तो नॉकपेक्षा वाईट प्रकार. वायरी लांब कर, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. शिवाय ही दोन सिलिंडर कोरडी (इंधन कमी पडून) चालत नाहीत ना, तेही प्लगच्या तळाच्या रंगावरून बघ. दोन्ही ठिकाणी एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग घाल. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं.

खऱ्या ३२ अंशांपासून सुरू कर आणि एकेक अंशाने वर ये. ट्रॅप स्पीड (फिनिशपाशी मोजलेला वेग) वाढायचा थांबला की तिथून दोन अंश मागे ये. ईटी (पाव मैलाला लागलेली वेळ) बघू नकोस, ती सुटण्यावर फार अवलंबून असते.

६८ ला मिटतो म्हणजे खरं कॉम्प्रेशन साडेआठ, थोडं जास्तच. स्प्रिंगा, कॅन, टायमिंग नीट करूनही गरम इंजिन चढावर कुरकुरलं, तर कॅम चार अंश मागे बसव. मग व्हॉल्व्ह ७२ ला मिटेल आणि आकडा सव्वाआठवर येईल. खालचा टॉर्क थोडा जाईल. पण कॅम मागे घेतला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, तेव्हा पिस्टनवर क्ले लावून हाताने दोन फेरे फिरव आणि ठसा मोज. अडीच मिलिमीटरच्या खाली आला तर पुढे जाऊ नकोस, इथे लिही.