जिंकलेला मुलूख ठेवलात की सोडलात? अनुभव लिहा

नाशिककर स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांनो, लढाया कशा मारल्या हे आपण भरपूर सांगतो. तहाच्या स्क्रीनवर काय केलं ते कुणी सांगत नाही. समोरचा शरण आलाय, हवा तो प्रांत टिचकीसरशी आपला होतोय. अशा वेळी तुम्ही काय ठेवता, काय सोडता? गेम कुठलाही चालेल, पण कारण लिहा.

माझ्यापासून सुरुवात. युरोपा युनिव्हर्सालिस 4 मध्ये मी बहामनी घेतो, 1444 पासून. विजयनगर हरलं की सगळी दक्षिण गिळायचा मोह होतो. पण ओव्हरएक्स्टेन्शन (नव्याने घेतलेल्या, अजून न पचलेल्या मुलखाचा बोजा) शंभर टक्क्यांपुढे गेलं की बंडं मागे लागतात, प्रांत कोअर, म्हणजे पक्का हक्काचा, करायला ॲडमिन (प्रशासनाचे) पॉइंट जातात ते वेगळेच. म्हणून मी सीमेलगतचं तेवढं ठेवतो आणि उरलेल्या मुलखात एखादं जुनं राज्य मांडलिक म्हणून पुन्हा उभं करतो. त्याचे कोअर शेजाऱ्याकडे अडकलेले असतील तर दुधात साखर. ते सोडवायच्या युद्धात ॲग्रेसिव्ह एक्स्पान्शन (मुलूख बळकावल्याबद्दल इतरांच्या मनात साठणारा राग) फार कमी लागतं, त्यामुळे कोअ‍ॅलिशन म्हणजे आपल्याविरुद्धची युती सहसा उभी राहत नाही. दहा वर्षांनी डिप्लोमॅटिक पॉइंट खर्चून मांडलिक आपल्यात घेता येतो. माझं ठाम मत आहे: काय ठेवायचं ते युद्ध पुकारण्याआधी ठरलेलं हवं.

पंचवटीतून: मी सिव्हिलायझेशन 6 वाली. 2018 च्या राइज अँड फॉल या विस्तार-पॅकपासून इथे लॉयल्टी, म्हणजे शहराची मालकाशी निष्ठा, सगळं ठरवते. शहर घेतलं, पण नऊ टाइलच्या (नकाशावरच्या घरांच्या) आत शत्रूची मोठी शहरं तशीच असतील तर ते चार-सहा टर्नमध्ये हातचं जातं. गव्हर्नर बसवला की टर्नला आठ लॉयल्टी मिळते, पण चहूबाजूंनी दाब असेल तर तीही अपुरी. म्हणून मी एकटं शहर घेतच नाही. शेजारची दोन-तीन शहरं आधी तटबंदी पाडून तयार ठेवते आणि लागोपाठ घेते, म्हणजे ती एकमेकांना धरून राहतात. शहर मुळात तिसऱ्याच कुणाचं असेल तर मी ते मूळ मालकाला परत देते. गॅदरिंग स्टॉर्म या पुढच्या पॅकमध्ये त्याबद्दल डिप्लोमॅटिक फेव्हर (राजनैतिक वजनाचे गुण) मिळतो, आणि सीमेवर एक मित्र उभा राहतो. बेचिराख मात्र करवत नाही मला.

नाशिकरोडहून: हार्ट्स ऑफ आयर्न 4. देश पूर्ण ताब्यात ठेवला की गॅरिसनमध्ये, म्हणजे बंदोबस्ताच्या फौजेत, माणसंही अडकतात, बंदुकाही. पपेट, म्हणजे आपल्या तालावर चालणारं वेगळं राज्य, केलं की ती डोकेदुखी त्या राज्याची. तेल आणि पोलाद असलेले भाग तेवढे मी स्वतःकडे घेतो.

म्हसरूळहून: सगळे जिंकलेलं सोडण्याबद्दल बोलताय, मी आपलं स्वतःचं सोडण्याबद्दल लिहितो, कारण कस तिथे लागतो. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले, 12 राखले. राज्य राहिलं, फौज राहिली, आणि 1670 पासून एकेक किल्ला परत येऊ लागला. रामशेज तर आपल्या उशाशी आहे. 1682 मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि एवढ्याशा गडाने त्यांना वर्षानुवर्षं झुंजवलं. युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये हरायची वेळ आली की मी हेच डोळ्यांपुढे ठेवतो. सपाटीवरचे श्रीमंत प्रांत देतो, डोंगरातला फोर्ट असलेला प्रांत देत नाही. दिलेल्या प्रांतावरचा आपला कोअर लगेच पुसला जात नाही, त्यामुळे पुढे रिकाँक्वेस्टचा, म्हणजे तो परत जिंकायचा, हक्क राहतो. मॅनपॉवर (भरतीला उरलेली माणसं) शून्यावर येईपर्यंत लढत बसलं तर तो हक्क बजावायला सैन्यच उरत नाही. म्हणून वॉरस्कोअर (युद्धात कोण किती पुढे याचा गुण) उणे तिशीत असतानाच मी तह पाठवतो.

पंचवटीतून पुन्हा: म्हसरूळकर, फोर्टचा प्रांत राखता, पण उत्पन्न घटल्यावर त्या किल्ल्याचा मेंटेनन्स, म्हणजे देखभालीचा खर्च, कशातून भागवता? ते सविस्तर लिहा.